रात्री आवाज देऊन बोलावल्यावर कायोटीने दिलेले उत्तर नेमके काय होते?

प्रश्न : खडकमाळ

नमस्कार. मी टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहतो आणि गेल्या वर्षापासून शहराच्या वायव्येस, मेसन काउंटीत शेळ्या पाळणाऱ्या एका वयोवृद्ध परिचितांच्या माळावर महिन्यातून एखादी रात्र घालवतो. जमीन खडकाळ आहे. लाइव्ह ओक, फड्या निवडुंग आणि आपल्याकडच्या वेड्या बाभळीचे सख्खे भाऊबंद असलेले मेस्कीट यांच्यामधून एक कोरडा ओढा जातो. जानेवारीच्या अखेरीस शेळ्या विऊ लागल्या आणि दहा दिवसांत चार करडे गेली, तेव्हा रात्री आवाज देऊन कायोटीला, म्हणजे कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातल्या इथल्या रानटी जनावराला, बोलवावे आणि टिपावे असे मालकांनी ठरवले. बंदूक त्यांच्या मुलाकडे होती. आवाजाचे यंत्र आणि अंधारात अंगाची उष्णता दाखवणारी थर्मल दुर्बीण मी सांभाळत होतो.

रात्री साडेनऊच्या सुमारास आम्ही ओढ्याकडे तोंड करून एका ओकच्या बुंध्याशी बसलो. चंद्र नव्हता; दक्षिणेचा मंद वारा पाठीवर लागत होता. स्पीकर समोर चाळीस पावलांवर ठेवला होता. प्रथम दहा मिनिटे जखमी सशाचा आवाज लावला. काहीच हालले नाही. मग यंत्रातला कायोटींच्या टोळीचा एकत्रित ओरडा पूर्ण आवाजात लावला. अर्ध्या मिनिटात ओढ्यापलीकडून उत्तर आले, परंतु ते आमच्या अपेक्षेप्रमाणे नव्हते. तीन-चार तुटक भुंकणी, त्यांना जोडूनच वर चढून मोडणारा एक आखूड हेल, क्षणभर शांतता, आणि पुन्हा तेच. हा प्रकार जवळजवळ पंधरा मिनिटे एकाच जागेवरून चालला आणि मग एकाएकी थांबला. दुर्बिणीत झुडपाआड एकच उष्ण ठिपका दिसत होता. तो ना पुढे आला, ना मागे गेला. मालकांच्या मते ती पाच-सहा जणांची टोळी आहे, कारण पहाटे ते तेवढाच गोंगाट ऐकतात.

तो आवाज कशाचा होता, तिथे खरोखर किती जनावरे असावीत आणि या दिवसांत कोणता आवाज लावणे योग्य ठरेल, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : ध्वनिवेडी

मी शिकारी नाही. शिकागोच्या उपनगरात राहते आणि घरामागच्या राखीव रानातील कायोटींचे आवाज गेली काही वर्षे ध्वनिमुद्रित करते, एवढाच माझा अधिकार. परंतु आपले वर्णन इतके नेमके आहे की शंकेला फारशी जागा राहत नाही. तुटक भुंकणी, त्यांना जोडलेला हेल आणि जागा न सोडता तेच पुन्हा पुन्हा, याला इकडे बार्क-हाउल म्हणतात. तो इशारा असतो. ‘इथे काहीतरी आहे, मी ते ओळखले आहे आणि मी लपणार नाही,’ असा त्याचा साधारण आशय समजावा. तुमच्या निमंत्रणाला ते उत्तर नव्हते. ती तुमच्याबद्दलची दवंडी होती.

फिलिप लेहनर या अभ्यासकांनी १९७८ मध्ये कायोटींच्या आवाजांची वर्गवारी केली आणि अकरा प्रकार मांडले. ते सारे येथे सांगण्याचे कारण नाही, पण तीन प्रकार वेगळे ओळखता आले तर रात्रीचा अर्धा गोंधळ मिटतो. पहिला म्हणजे एकट्याचा लांब, सलग हेल, जो आपल्या माणसांपासून, म्हणजे आपल्या जनावरांपासून, दूर असलेला कायोटी काढतो. दुसरा म्हणजे जोडीचा मिश्र ओरडा, ज्यात बहुधा नर लांब हेल काढतो आणि मादी त्याच्या मधल्या फटींमध्ये चिरकी, तुटक किंकाळी भरत जाते. हा हद्दीचा पुकारा असतो. तिसरा तुम्ही ऐकलात तो. याच्याही अलीकडे ‘वूफ’ नावाचा एक प्रकार आहे: तोंड जवळजवळ मिटून, श्वास सोडल्यासारखा काढलेला दबका भुंकार. तो फार थोड्या अंतरावर ऐकू येतो आणि म्हणूनच बहुतेकांच्या कानावरून निसटतो. थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञांनी १८२३ मध्ये या प्राण्याला कॅनिस लॅट्रान्स, म्हणजे भुंकणारा कुत्रा, असे शास्त्रीय नाव दिले, त्यामागे त्याचा हाच वाचाळपणा असावा.

आता संख्येविषयी. मालक पाच-सहा म्हणत असतील, तर प्रथम दोनच धरावेत. जोडीतील प्रत्येक जनावर आपल्या आवाजाची पट्टी क्षणाक्षणाला बदलते, मध्येच तोडते, मध्येच उंच फेकते. त्यात खडकांवरून आणि झाडांवरून परतणारे पडसाद मिसळले की दोघांचे वऱ्हाड उभे राहते. बाहेरच्या कायोटीला हद्द भरलेली वाटावी, असा त्यामागचा हेतू असू शकतो असे काही अभ्यासक मानतात. त्याने माणूस फसतो हे मात्र मी स्वतःवरून सांगू शकते. पहिल्या वर्षी माझ्या वहीत ‘किमान सात’ अशी नोंद आहे. दुसऱ्या दिवशी बर्फात दोघांचेच ठसे होते.

आणखी एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. ब्रायन मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये असे दाखवले की हेलामध्ये त्या विशिष्ट जनावराची ओळख भरलेली असते आणि ती किलोमीटरभर अंतरावरही टिकते, तर भुंकण्यातली ओळख अंतराबरोबर लवकर विरते. म्हणजे भुंकणे जवळच्यांसाठी आणि जागा दाखवण्यासाठी, तर हेल लांबच्यांसाठी आणि ‘मी कोण’ हे सांगण्यासाठी. तुमच्या यंत्रातली टोळी तिथल्या जोडीला पूर्ण अनोळखी होती, हे त्या जोडीला पहिल्या हेलातच कळले असणार.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी उसाच्या फडातून कोल्हेकुई सुरू झाली की आजी कान देऊन ऐकत असे. एकटाच आवाज आला की ‘भालू ओरडली’ म्हणून ती अस्वस्थ होई, आणि सगळे मिळून ओरडले की निर्धास्त झोपे. तिचा अपशकुनाचा अर्थ बाजूला ठेवला, तरी एकट्याचा आणि समूहाचा आवाज यांचे काम वेगळे असते हे तिने अचूक हेरले होते.

उत्तर २ : गव्हाचा पट्टा

मी पश्चिम कॅन्ससमध्ये आहे आणि वीस वर्षे रात्रीच्या या उद्योगात घालवली आहेत. ध्वनिवेडीताईंनी आवाजाचे निदान केलेच आहे. मी फक्त तो का आला ते सांगतो. आपल्या प्रश्नातले एक वाक्य मी दोनदा वाचले : ‘वारा पाठीवर लागत होता.’ वारा दक्षिणेचा, तुमचे तोंड उत्तरेला ओढ्याकडे आणि कायोटीही ओढ्यापलीकडे. म्हणजे तुम्ही दोघांनी अंगाचा, बुटांचा आणि दुपारी खाल्लेल्या बार्बेक्यूचा वास थेट त्याच्या नाकावर पाठवलात. आवाज ऐकून कायोटी सरळ चालत येत नाही. आवाजाला वळसा घालून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला, जातो आणि डोळ्यांनी पाहण्याआधी नाकाने खात्री करून घेतो. तुमच्या बाबतीत त्याला वळसाही घालावा लागला नाही.

यापुढे वारा गालावरून आडवा वाहील असे बसावे. स्पीकर आपल्यापासून चाळीस-पन्नास पावले वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावा आणि खालच्या अंगाला नजर पोहोचेल असा उघडा पट्टा असावा, म्हणजे वळसा घालणारे जनावर आपला वास लागण्याआधी त्या पट्ट्यात सापडते. वाऱ्याची दिशा बोट ओले करून पाहू नये. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवावी, दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवावी आणि ती पूड कुठे तरंगत जाते ते थर्मलऐवजी डोळ्यांजवळ मंद लाल दिव्यात पाहावे. ओढ्याच्या खोलगट भागात थंड हवा रात्री उताराने खाली सरकते आणि वर वाहणाऱ्या वाऱ्याशी तिचा काही संबंध नसतो, हे मी तीन हिवाळे वाया घालवून शिकलो.

दुसरी चूक आवाजाच्या निवडीची झाली. आधी सशाचा आक्रोश आणि त्यावर टोळीचा पूर्ण आवाजातला ओरडा, याचा त्या जोडीला ऐकू गेलेला अर्थ असा की अनोळखी पाच-सहा जणांनी आपल्या हद्दीत घुसून शिकार केली आहे आणि ते तिथेच ठाण मांडून बसले आहेत. दोघांनी पाचांवर चालून जावे असा आग्रह तुम्ही का धरावा? जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत त्यांचा जोडी जमवण्याचा आणि हद्द राखण्याचा काळ असतो. या दिवसांत एकट्या, शक्यतो कोवळ्या आवाजाच्या जनावराचा एकच हेल लावावा आणि मग थांबावे. खरोखर थांबावे, दहा मिनिटे रिमोटला हात लावू नये. त्यानंतर हवा तर सशाचा आवाज अगदी हळू सुरू करावा, कारण जनावर दोनशे पावलांवर बसलेले असू शकते आणि त्याचे कान तुमच्या स्पीकरपेक्षा चांगले असतात. एप्रिल-मेमध्ये पिले झाल्यावर पिलाच्या केकाटण्याला आईबाप धावत येतात; मी त्या दिवसांत जात नाही, तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. ऑक्टोबरात घर सोडून निघालेली, अजून न शिकलेली तरुण जनावरे सशाच्या साध्या आवाजालाही फसतात, आणि तेवढ्यावरच अनेक जण स्वतःला उस्ताद समजू लागतात.

तिसरी गोष्ट अनुभवाने पटते आणि अभ्यासातही दिसते. एरिक गीज आणि रॉबर्ट रफ यांनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या लामार खोऱ्यात जे निरीक्षण केले आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात हद्द असलेल्या प्रमुख जोडीचे ओरडणे सर्वाधिक आढळले. ते हद्दीच्या कडेला आणि विणीच्या आधीच्या काळात वाढत असे. हद्द नसलेली भटकी जनावरे मात्र ओरडताना आढळलीच नाहीत. म्हणून ज्याने उत्तर दिले तो तिथला मालक समजावा. जो न बोलता डावीकडच्या झुडपातून येऊन उभा राहतो तो बहुधा उपरा असतो.

माझ्या आजोळी, वाशीमकडे, एक फासेपारधी म्हातारे तोंडाने तितराचा आवाज काढून तितर फाशापर्यंत आणत. आवाज काढण्यापूर्वी ते बराच वेळ नुसते ऐकत बसत आणि आम्हा पोरांना हलू देत नसत. तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सारे बंद झाले, ते योग्यच झाले. पण ऐकण्याची ती पद्धत मी इकडे वापरतो. जागेवर बसल्यावर पहिली वीस मिनिटे यंत्र चालू करू नका.

जाता जाता : सशाचा आवाज लावल्यावर डोक्यावर टोपी ठेवा. मोठे शिंगळे घुबड एकदा माझ्या डोक्याला ससा समजून उतरले होते.

उत्तर ३ : नियमवाला

तांत्रिक गोष्टी वर आल्याच आहेत. दोन कायदेशीर बाबी राहिल्या.

टेक्सासमध्ये कायोटीची गणना शिकारीच्या नियमांनी संरक्षित प्राण्यांत होत नाही आणि खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्याची शिकार बारा महिने, दिवसा किंवा रात्री करता येते. तरीही पशुधनाच्या रक्षणासाठीची सवलत लागू होत नसेल तर शिकारीचा परवाना लागतो. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचे प्रशिक्षणही आवश्यक आहे. सार्वजनिक रस्त्यावरून गोळी झाडता येत नाही. रात्री निघण्यापूर्वी स्थानिक गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करून ठेवला, तर शेजाऱ्याच्या तक्रारीवरून मध्यरात्री त्यांची गाडी दारात येण्याचा प्रसंग टळतो.

दुसरी बाब आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. आपण एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातला एक अपवाद आहे. ‘मी फक्त क्षणभर धरली होती’ हे उत्तर पुरत नाही. ग्रीन कार्ड असेल तर हा अडसर नाही. यंत्र आणि दुर्बीण सांभाळण्याची आपली सध्याची विभागणी उत्तम आहे. ती बदलण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

थर्मलमध्ये रंग दिसत नाही आणि अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून ओळख पटल्याशिवाय बार काढू नये हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात १९८७ पासून लाल लांडगे पुन्हा रानात सोडण्यात आले. कायोटी समजून त्यांनाच गोळ्या लागू लागल्यावर २०१४ मध्ये न्यायालयाने पाच काउंट्यांत कायोटीच्या शिकारीला चाप लावला. मेसनकडे लाल लांडगे नाहीत, पण कळपाबरोबर राहणारी राखणीची मोठी कुत्री आहेत आणि दुर्बिणीत तीही पांढरा ठिपकाच दिसतात.

उत्तर ४ : मेंढवाडा

एक विरोधी सूर. करडे नक्की कायोटीनेच नेली का, हे कुणी तपासले? मेलेले करडू सापडल्यास गळ्याची कातडी सोलून पाहावी. कायोटी बहुधा जबड्याखाली, नरड्याशी पकडतो, आणि आत रक्त साकळलेले व दातांची भोके दिसतात. मोकाट कुत्री मागच्या मांड्या आणि कुशी जिथे मिळेल तिथे फाडतात. आत रक्त साकळलेले नसेल तर करडू आधीच मेलेले होते आणि कायोटीने फक्त भोजन केले.

कॅलिफोर्नियात हॉपलँड येथे मेंढ्यांच्या कुरणांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की मेंढ्या मारण्याचे काम मुख्यतः त्या हद्दीतली प्रजननक्षम जोडीच करते. आवाजाला भुलून येणारे बहुधा तरुण किंवा भटके असतात हे वर आलेच आहे. मग गुन्हेगार राहिला बाजूला आणि वाटसरू मारला गेला, असे होते. तुमच्या जोडीला तर तुम्ही आता स्पीकरचा आवाजही शिकवून ठेवला आहे. कोनोली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या गणितानुसार दर वर्षी तीन चतुर्थांश कायोटी मारले तरी त्यांची संख्या संपायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील, कारण संख्या घटली की उरलेल्यांची वीण वाढते. विणीचे सहा आठवडे शेळ्या रात्री घराजवळच्या जाळीच्या वाड्यात घ्याव्यात आणि ग्रेट पिरनीज जातीचा एक राखणीचा कुत्रा पाळावा. खर्च गोळ्यांपेक्षा जास्त आहे हे मान्य.

खडकमाळ

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात पुन्हा जाऊन आलो.

मेंढवाडा यांच्या सूचनेप्रमाणे मालकांनी शेवटचे सापडलेले करडू सोलून पाहिले. नरड्याखाली रक्त साकळले होते आणि चार भोके होती. म्हणजे निदान हे एक तरी कायोटीचे. शेळ्या त्याच दिवशी घराजवळच्या वाड्यात हलवल्या आणि तेव्हापासून एकही करडू गेलेले नाही. कुत्र्याचा विषय मालकांनी हसून उडवला, पण त्यांच्या सौभाग्यवती मागे लागल्या आहेत.

तरीही शनिवारी आम्ही बसलो. वारा वायव्येचा होता, म्हणून ओढ्याच्या कडेला तो डाव्या गालावर येईल अशी जागा निवडली आणि अर्धा तास यंत्राला हात लावला नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी कुंपणाच्या वायव्य कोपऱ्याकडून ओरडा आला. एक लांब हेल आणि त्याच्या फटींत भरलेली तुटक किंकाळी, अगदी ताईंनी लिहिल्याप्रमाणे. मालक म्हणाले, ‘सहा.’ दुर्बिणीत दोन होते. थोड्या वेळाने मी एकट्या मादीचा एकच हेल मंद आवाजात लावला आणि थांबलो. अकराव्या मिनिटाला उजवीकडच्या उघड्या पट्ट्यात एक आकृती आली, परंतु तिची चाल जड होती आणि शेपूट वर वळलेले होते. मुलाने बंदूक खाली केली. ते शेजाऱ्यांच्या कळपाचे पिरनीज कुत्रे निघाले, आणि ते आमच्यावर इतके भुंकले की रात्र तिथेच संपली.

एक शंका उरली. कुत्रे दिसण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी मला पाठीमागून, खालच्या अंगाने, कुणीतरी नाकातून जोरात श्वास सोडावा तसा एकच दबका आवाज आला. मुलाला तो ऐकू आला नाही. मी मागे वळून पाहिले नाही, कारण हालचाल करू नये असे ठरले होते. तो कुत्र्याचा असेल का?

ध्वनिवेडी

कुत्रे उजवीकडून आले आणि आवाज पाठीमागून आला, म्हणजे तो कुत्र्याचा नव्हता. तो वूफ होता. इतका दबका आवाज आपल्याला स्पष्ट ऐकू आला, तर ते जनावर फार जवळ होते आणि आपला वास त्याला मिळाला होता. दुसऱ्या दिवशी पाठीमागची वाळू पाहिलीत का?

खडकमाळ

पाहिली नव्हती. आज सकाळी मालकांना फोन करून पाहायला सांगितले. ओढ्याच्या वाळूत लांबट, अरुंद ठसे आहेत आणि त्यांत पुढची दोन नखे एकमेकांजवळ उमटली आहेत. कोपऱ्याकडून वळसा घालून ते आमच्या पाठीमागे आले आहेत आणि आम्ही बसलो होतो त्या जागेपासून अठरा पावलांवर वळून पुन्हा ओढ्यात उतरले आहेत.